काकांच्या कॅमेऱ्यातला ठिपका

सुधाकर काकांवर मी लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे, म्हणून आधीच माफी मागतो. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं रियाधमध्ये आहेत, नाशिकला तर आहेतच. मी पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या सुट्टीसाठी इकडे रियाधला, आई-बाबांकडे आलोय. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काही लिहायचं म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. पण माझी शाळा इथली, इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलून आलेली. शिवाय गेले काही आठवडे मला एका जागी बसवत नाही... लिहायला बसतो, उठतो, कपाटातून काकांचा कॅमेरा काढतो, चालू करतो, बंद करून परत ठेवतो.

काका आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, प्लांटमधली मीटरं प्रेशर आणि तापमान बरोबर दाखवतात की नाही, हे तपासायचं त्यांचं काम. शैला काकू नाशिकला. माझे बाबा एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. दोघांची ओळख इथल्या जुन्या बाजारपेठेत, बत्ह्याच्या भाजीबाजारात झाली, आणि मग शुक्रवारचं काकांचं जेवण आमच्याकडे, हे कधी ठरलं ते कोणालाच आठवत नाही. कॅमेराही त्यांनी बत्ह्यातूनच घेतला होता, जुना. डिजिटल एसएलआर नव्याने आले तेव्हाचं मॉडेल, सहा मेगापिक्सेलचं. वीटभर वजन आणि मागे काडेपेटीएवढी स्क्रीन, तीही उन्हात दिसत नाही.

त्या कॅमेऱ्याची मोठी अडचण म्हणजे अंधार. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये फोटो काढला की माणसाच्या तोंडावर रवा पसरल्यासारखे दाणे यायचे. म्हणून काका सगळ्यांना गच्चीवर न्यायचे. ऊन उतरायला लागलं, की पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्यामधली एक मोकळी जागा होती, तिथे उभं करायचे. पुढे त्याची पद्धतच पडली. आमच्या ओळखीतला जो कोणी नोकरी संपवून फायनल एक्झिटवर कायमचा घरी निघे, तो इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या गच्चीवर येई. काका त्याचा फोटो काढत, नेहमी मागे आकाश ठेवून. आणि त्या प्रत्येक फोटोत, वर डावीकडे, आकाशात एक करडा ठिपका असे. आतल्या सेन्सरवर धुळीचा एक कण बसला होता. मी एकदा म्हटलं, काका, साफ करून घ्या ना. ते म्हणाले, या गावात कॅमेरा उघडला तर एक कण जाईल आणि चार आत येतील.

मला कॉलेजसाठी कॅमेरा हवा होता. बाबा नवीन घेऊन द्यायला तयार होते, काका म्हणत होते हा घेऊन जा. मग या सुट्टीत आमचा दर शुक्रवारी वाद. मी म्हणायचो, माझ्या फोनमध्येसुद्धा याच्यापेक्षा स्वच्छ फोटो येतो. ते म्हणायचे, स्वच्छ येतो, पण माणूस साबणाने धुतल्यासारखा दिसतो; याच्यात बघ, तुझ्या आईची कातडी कातडीसारखी आहे. ते खरंच होतं. त्या कॅमेऱ्याचे रंग मला अजून दुसरीकडे कुठे मिळाले नाहीत. मी म्हणायचो, व्हिडिओ नाही. ते म्हणायचे, बरंय, बडबड कमी. सलग फोटो काढले की तो मध्येच अडकायचा, मागचा दिवा लुकलुकत राहायचा आणि बटण दाबलं तरी काही व्हायचं नाही. मी चिडलो की ते म्हणत, "म्हाताऱ्याला दम घेऊ दे." माझा मात्र निर्णय होत नव्हता. सकाळी जुना बरा वाटायचा, दुपारपर्यंत नवा.

दूर दक्षिणेला जिझानच्या रिफायनरीत शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं काम निघालं आणि काकांना तिकडे पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी ते कॅमेरा घेऊन गच्चीवर आले. म्हणाले, मी येईपर्यंत वापर आणि मग सांग. मी त्यांनाच म्हटलं, तुम्ही उभे राहा ना. ते नाही म्हणाले. "माझा फोटो फायनल एक्झिटला. आता वर्षभर तर राहिलंय." तरी मी ओढून उभं केलं. भराभर बटण दाबत गेलो आणि कॅमेरा अडकला. मी वैतागून तो हलवायला लागलो, तर ते समोर कमरेवर हात ठेवून हसायला लागले. ते हसणं मला काढता आलं नाही. दिवा थांबला तेव्हा हसणं ओसरलेलं होतं, ते नुसते माझ्याकडे बघत थांबले होते. तेवढा एक फोटो धड आला.

काकांची एक सवय होती. कुठेही गेले की एका शब्दाचा मेसेज करायचे, पोचलो. जिझानहूनही आला. "पोचलो. काय ठरलं?" मी लिहिलं, अजून नाही ठरत. त्यानंतरच्या आठवड्यात कामावरच त्यांच्या छातीत दुखायला लागलं, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मग त्यांना नाशिकला पाठवायचे कागद सुरू झाले. हॉस्पिटलचा, पोलिसांचा, कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या सहीचा, वकिलातीचा. बाबा रोज कामावरून सुटले की कोणा ना कोणाला फोन लावायचे, आणि पलीकडून उत्तर यायचं, उद्या, इन्शाल्ला. काकू मात्र रोज फोन करून एकच विचारायच्या, कधी आणणार? घरात कोणी नीट जेवत नव्हतं. आई दार वाजलं की दचकायची. मी जिने चढून गच्चीवर जायचो, उतरायचो...

अशात एकदा काकूंनी मला फोनवर बोलावलं. घरी काकांचा फोटो लावायचा होता आणि त्यांच्याकडे अलीकडचा एकही नव्हता. घरभर काकांनी काढलेले फोटो, पण त्यांत काका नाहीत. इकाम्यावरचा, म्हणजे इथल्या ओळखपत्रावरचा होता, पण त्यात मी चोरासारखा दिसतो असं ते स्वतःच म्हणायचे. मी गच्चीवरचा तो फोटो कॅमेऱ्यातून घेतला, लॅपटॉपवर नीट केला, उजेड वाढवला, आकाशातला ठिपका पुसला आणि पाठवला. मला वाटलं, निदान एक काम तरी पार पडलं.

थोड्या वेळाने काकूंचा फोन आला. फोटो छान आहे म्हणाल्या.

"ठिपका कुठे गेला रे?"

मी म्हटलं, काकू, ती धूळ होती, मी काढली.

"तिकडून आलेल्या प्रत्येक फोटोत असतो तो. आमच्या हॉलमधल्या फोटोतसुद्धा आहे," त्या म्हणाल्या. "ठिपका दिसला की मला कळायचं, ह्यांनी काढलाय."

मी काहीच न बदललेला मूळ फोटो पाठवला. वजन, अंधार, रंग, स्क्रीन, मी इतके दिवस सगळं तोलत होतो, आणि ठिपका मी न विचारता दोषांत टाकला होता. काकांच्या त्या मेसेजखाली मी लिहिलं, ठरलं, घेऊन जातो. पाठवलंसुद्धा. त्यावर एकच बरोबरची खूण आली, दुसरी आलीच नाही.

पुढच्या आठवड्यात कागद झाले. विमान मुंबईला, तिथून गाडीने नाशिक. त्या दिवशी आम्ही सकाळपासून फोनकडे बघत होतो. मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो होतो, उगाच चालू-बंद करत. बाबा फोन घेऊन बाहेर जिन्यात उभे होते. दुपार कलल्यावर ते आत आले, चपला काढायच्या विसरून तसेच माझ्यासमोर येऊन थांबले.

"पोचले रे काका."