रविवारची विहीर

"लोकांनी लोकांसाठी जमवलेली माहिती" असं कोणी कौतुकानं म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. तसली माहिती मी जमवली आहे, आणि तिच्यापायी माझ्या सख्ख्या चुलतीच्या डोक्यावर हंडा चढवला आहे.

तेव्हा मी शहरात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. बायपासला मात्र इमारतींमागून इमारती उठत होत्या. आमच्या सोसायटीत रोज टँकर यायचा, तोही फुलंब्रीकडच्या कुठल्यातरी शेतातल्या बोअरचं पाणी घेऊन. त्याची लाज वाटायची, म्हणून आम्ही काही जणांनी एक अ‍ॅप केलं. ज्याला जमेल त्यानं विहिरीत टेप सोडायची, पाणी मोजायचं आणि आकडा मोबाइलवरून पाठवायचा. गावोगावच्या विहिरींचा नकाशा आपोआप रंगायचा, पाणी असेल तिथं निळा आणि आटलं असेल तिथं लाल. एकट्या माणसाच्यानं जन्मात झालं नसतं ते काम अनोळखी माणसं मिळून करत होती. मी हवेत होते.

माणसं चुकतातही, म्हणून नियम मी लिहिला. एका विहिरीचे तिघांचे आकडे घ्यायचे. दोन जुळले आणि तिसरा फारच वेगळा निघाला, तर तिसरा बाजूला टाकायचा. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आमचं तिघांत भागत होतं. बाजूला टाकलेल्या आकड्यांच्या यादीला मी नाव दिलं होतं, "चुकीच्या नोंदी". ती यादी मी कधी उघडली नाही.

फुलंब्रीच्या अलीकडे आमची वस्ती आहे, तिथं काकू एकटी राहायची. तिच्या साध्या फोनवरून आकडा मेसेज करायला मीच शिकवलं. तिनं दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या आणि रोज पहिली घागर शेंदायच्या आधी मोजायला लागली. त्याच विहिरीवर शहरातले आमचे दोन स्वयंसेवकही जायचे. नोकरदार माणसं, त्यामुळे रविवारीच. तीन रविवार दोघांचे आकडे जुळले, तेव्हा अ‍ॅपनं विहीर "पक्की" ठरवली, म्हणजे एकट्यादुकट्याच्या आकड्यानं तिचा रंग आता बदलणार नव्हता, आणि त्यांना दुसऱ्या गावाला धाडलं.

पुढं महिन्याभरानं सुट्टीत वस्तीवर गेले, तर भर उन्हात काकू डोक्यावर हंडा घेऊन दूरच्या मळ्यातून येताना दिसली. गुडघे धरलेली बाई, साठी कधीच उलटलेली.

"टँकर बंद केला की गं," ती म्हणाली. "सायेब म्हनला, तुमच्या हिरीला पानी हाय, नकाशात दिसतंय."

विहिरीत डोकावले. तळाला चिखलसुद्धा तडकला होता. मोबाइलवर तीच विहीर निळीशार.

मग काकूनं सांगितलं ते ऐकून माझं अंग पेटलं. वस्तीचा टँकर रविवारी सकाळी यायचा आणि विहिरीत ओतून जायचा. त्याच्यामागोमाग आमचे दोघे पोचायचे. "आमाला वाटलं, टँकर पुरा वतला का नाय ते बघाया सरकारी मानसं आलीत. पानी हलतंय, जरा थांबा म्हनले. आमी घागरी घिऊन थांबलो." तहानलेल्या बायांना थांबवून आमच्या शहाण्यांनी टँकरचंच पाणी मोजलं होतं. टँकर येतो हे मला माहीत होतं. कोणत्या वारी येतो, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टँकर मंजूर करणाऱ्या त्या साहेबाच्या ऑफिसात जाऊन तमाशा केला. हातच्या काकणाला आरसा कशाला? फटफटीवर अर्ध्या तासात विहीर डोळ्यांनी दिसली असती. साहेब शांतपणे म्हणाला, "मॅडम, नकाशा तुमचाच आहे." आठवड्यानं टँकर सुरू झाला. माझा राग निवला नाही, कारण विहिरीवरचं एक बोलणं मी साहेबाला सांगितलंच नव्हतं.

"मला कळवलं का नाहीस?" मी काकूवर ओरडले होते. हो, तिच्यावरच.

"रोज कळवत व्हते की! तुझं उत्तरबी येत व्हतं," असं म्हणत तिनं कमरेचा फोन काढून माझ्या हातात दिला.

आकड्यापुढं तिनं रोज काहीतरी लिहिलं होतं. कॉम्प्युटर फक्त आकडा उचलायचा, बाकीचं सोडून द्यायचा. "नुसता चिखल." "टँकर बंद झाला." "सायबाला सांग बाई." "लई लांबून आनावं लागतंय." आणि प्रत्येक मेसेजच्या खाली, न चुकता, मीच कधीतरी लिहून ठेवलेलं उत्तर होतं: "आपली नोंद मिळाली. सहकार्याबद्दल आभारी आहोत."