वहिनीच्या हाताच्या मापाने

वहिनी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी जालन्याच्या घरी तिनेच पाठवलेली मोसंबी सोलत होते. भोकरदनजवळच्या आमच्या गावाहून भाची बोलत होती. "आत्या, आई गेली…" एवढेच ती म्हणाली. दादा कुठे आहे, असे मी विचारले. "जीपमधी बसून राह्यलेत. खाली उतरत न्हाईत." बोटांवर सालीचा उग्र, ओला वास तसाच होता, डोळे भरून येत होते, आणि तरी, खरे सांगायचे तर, दुःखाच्या एक पाऊल आधी काहीतरी टोचून गेले. आजही तो तिच्याच सीटशेजारी बसला होता.

दादाच्या शेजारची ती डावी सीट एके काळी माझी होती. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दादाने लिलावातून ती जुनी जीप घेतली. आमच्या बागेकडची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात तिथे बैलगाडीही रुतून बसे. दादाने पुढे एक पिवळा दिवा बसवला खरा, पण त्याला बटण नव्हते. डॅशबोर्डखाली दोन उघड्या तारा लोंबत असत आणि त्या जोडणे हे माझे काम होते. तिन्हीसांजेला दादा म्हणे, "शकू, जोड." तांब्याची टोके भेटत, निळसर ठिणगी उडे, जळक्या रबराचा वास नाकात शिरे, आणि समोरच्या बाभळी अंधारातून एकदम उठून उभ्या राहत. उजेड आपल्या बोटांतून निघतो, असे मला त्या वयात खरोखर वाटायचे. माझ्या पहिल्या कविता त्या सीटवर सुचल्या.

मग वहिनी आली. घनसावंगीकडची, गोदाकाठच्या उसाच्या मुलखातली. ठेंगणी, आखूड हातांची, मनगटभर हिरवा चुडा. लग्नानंतर राजूरच्या गणपतीला निघालो, तेव्हा ती पुढे बसली आणि मला मागे जागा मिळाली. परतताना सांज झाली. दादा सवयीने "जोड" म्हणाला. कोणाला, ते त्याने सांगितले नाही. मी मागून हात पुढे करेपर्यंत वहिनीने तारा उचलल्या होत्या. ठिणगी तिच्या नव्या शालूवर पडली. ती ओरडली नाही, हात फक्त पदरात घेतला… आणि दुसऱ्या दिवशी दादाने डॅशबोर्ड उघडला.

ते काम मी ओट्यावरून पाहिले. दादाने डॅशबोर्डवर पुठ्ठा लावला, वहिनीला सीटवर बसवून डोळे मिटायला सांगितले, आणि तिच्या बोटाला ओले कुंकू लावून म्हणाला, हात सहज पुढे कर, ताणू नको. जिथे बोट टेकले तिथे पुठ्ठ्यावर लाल ठिपका उमटला. तीच बटणाची जागा. पुढच्या दिव्याचा एक ठिपका, मागच्या दिव्याचा एक, छोट्या पंख्याचा एक. त्या ठिपक्यांवरून त्याने ॲल्युमिनियमची पट्टी कापली, भोके पाडली, कानशीने कडा घासल्या. तापलेल्या धातूचा वास अंगणभर पसरला होता. पत्र्याच्या धारेने तारा कापल्या जाऊ नयेत म्हणून त्याने भोकात रबरी कडी बसवली आणि साऱ्या तारा एकत्र घेऊन फितीने अशा गुंडाळल्या की जणू कोणी चापूनचोपून वेणी घातली आहे. माझ्या वेळी त्या तारा वर्षानुवर्षे लोंबत होत्या. त्या झाकाव्यात, असे त्याला कधी वाटले नव्हते.

गावात त्याची थट्टा झाली. गाडी तू हाकतो अन् बटणं बायकोपाशी, असे शेजारच्या अण्णांनी हटकले. दादा म्हणाला, "मंग? माझे हात गुतलेले. तिचे मोकळे हायेत."

पुढे एकदा भोकरदनच्या बाजाराला जाताना खड्ड्यात जीप उसळली आणि वहिनीच्या बांगड्या बटणांत अडकल्या. भरदुपारी पुढचा दिवा लागला, मागचा लागला, पंखा घरघरू लागला. सगळे हसले, सर्वांत जास्त मी. मला वाटले, आता ही बटणे दादा आपल्या बाजूला नेणार. त्याने गाडी थांबवून पाहिले. वहिनी ओशाळून बांगड्या उतरवू लागली, तेव्हा तो म्हणाला, "बांगड्या काढू नको. बटणं आत नेतो."

आणि नेली. कोनाड्यासारखी बोटभर खोल चौकट करून पट्टी आत बसवली. बोट पोहोचे, चुडा बाहेर राही. कवितेत मी उभा जन्म घालवला, पण असे वाक्य मला कोणी म्हटले नाही, आणि मलाही लिहिता आले नाही.

वहिनीला माझे मन कळत असावे. एका दिवाळीत ती आपणहून मागे बसली. "वन्सं, तुम्ही बसा पुढं. तुमचीच जागा आहे ती." मी बसले. दिवेलागणीला हात पुढे केला, तो बटण ओलांडून गेला, बोटांची पेरे पत्र्याला खरचटली. माझे हात लांब. मागून वहिनी हळूच म्हणाली, "कवितेत बसवा की आमची बटणं, तिथं बराबर बसतील." दादा मोठ्याने हसला. मीही हसले… मला सर्वांत जास्त छळले ते मात्र निराळेच. माझ्या वेळी त्याला "जोड" असे सांगावे लागे. तिला तो कधीच काही म्हणत नसे. अंधार दाटायच्या नेमक्या आधी तिचा हात कोनाड्यात गेलेला असे.

तेराव्यानंतर दादा मला भोकरदनच्या स्टँडवर सोडायला निघाला. डावी सीट रिकामी होती, मी बसले. कापसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ सांजेत तरंगत होती, समोरचे दिसेनासे झाले. मी वाट पाहत होते. एवढ्या वर्षांनी तो पुन्हा म्हणेल… दादाने जीप कडेला घेतली आणि थांबवली.

"दादा, मी लावते की."

"न्हाई. राहू दे."

तो माझ्यासमोरून वाकला. मी गुडघे आखडून घेतले. त्याचा जाड हात त्या अरुंद चौकटीत नीट मावत नव्हता. तरी त्याने सावकाश बटण दाबले, दिवा लागला, आणि तो पुन्हा आपल्या जागी बसला. भोकरदनचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, बटणे उजवीकडे घ्यायला कितीसा वेळ लागतो? दादा बिलकुल ऐकत नाही. रोज तिन्हीसांजेला त्याची जीप वाटेत थांबते, मागचे लोक हॉर्न वाजवतात.

त्यानंतर मी दोनदा गावी जाऊन आले. दोन्ही वेळा मी मागेच बसले. पुढे ये, असे दादा म्हणाला नाही.