गावातली शेवटची रायली

तळ्याकाठच्या त्या गावात एके काळी रायली नावाच्या तीन बायका होत्या. एक दुकानवाली, एक लाकडाच्या गिरणीवरची आणि तिसरी ही आपली, टेकाडावरच्या पिवळ्या घरातली. आमच्या कॅलेंडरात दर तारखेला माणसांची नावं छापलेली असतात; ज्या दिवशी ज्याचं नाव, त्या दिवशी त्याच्याकडे न बोलावता कॉफीला जायचं, ही आमच्याकडची रीत. तिघींचा दिवस एकच, म्हणून दरवर्षी पाळीपाळीने एकीच्या घरी जमायच्या, एकमेकींना मोठ्या थाटात 'रायलीबाई' म्हणायच्या आणि हसून हसून बेजार व्हायच्या. पुढे दुकानवाली गेली. गिरणीवरची मुलीकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. आता त्या दिवशी रायली सकाळी उठून वेलदोडा घातलेला गोड पाव भाजते, कॉफी करते, टेबलावर कप मांडते. संध्याकाळी कप परत कपाटात आणि पाव फ्रीझरमध्ये. पाव उत्तम होतो हो, पण खायला माणूस नको का?

नवरा ताइस्तो जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा कारी स्वीडनमध्ये, त्याला आईची आठवण नाताळात येते. राहता राहिली नात हेन्ना. कारीची पहिल्या बायकोपासूनची ही मुलगी लहानपणी दर उन्हाळ्यात इथेच असायची. रायलीचा सगळा जीव तिच्यात.

गेल्या शरदात हेन्ना ताम्पेरे शहरातून एकटीच गाडी चालवत आली, सातव्या महिन्याचं पोट घेऊन. पावाचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "आजी, कुणाला बोलू नकोस हं. मुलगी आहे. तिचं नाव रायली ठेवावं असं माझ्या मनात आहे. खूप जुनाट वाटेल का गं? खरं सांग."

आता बाळाचं नाव बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत कुणाला सांगायचं नसतं, आणि विचारायचं तर त्याहून नसतं. ते बाजूला ठेवून पोरगी मुद्दाम विचारायला आली होती. रायलीने हातातला कप खाली ठेवला. आपण मेल्यावर कुणीतरी अंगणात उभं राहून 'रायली, जेवायला चल' म्हणून हाक मारणार, आणि एक छोटी पोर धावत येणार! याहून जास्त तिला काय हवं होतं?

आणि तोंडाने काय म्हणाली? "छे, काहीतरीच. हे काय आता नाव आहे? म्हातारीचं नाव ते. पोरं हसतील तिला."

आता हे कळायला आमची माणसं कळायला हवीत. आमच्या भागात पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणणं म्हणजे हावरटपणा. कॉफी घेणार का? नको, आत्ताच घेतली. अहो घ्या की. कशाला उगीच. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग, बरं, अर्धा कप द्या. या अर्ध्या कपावर माणसं चार चार कप रिचवून जातात. रायलीचं लग्नसुद्धा असंच ठरलं होतं. ताइस्तो बिचारा तिसऱ्यांदा विचारायला बर्फातून चालत आला होता.

हेन्नाने निघताना दारात पुन्हा विचारलं, "नक्की ना आजी? मला तर आवडतं."

झालं दोनदा. रायली म्हणाली, "अगं, काहीतरी नवीन शोधा तुम्ही," आणि दाराची कडी धरून तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभी राहिली. हेन्नाने तिला घट्ट मिठी मारली, गाडीत बसली आणि गेली.

मग सुरू झालं वाट बघणं. फोन यायचे. बाबागाडी घेतली, पाय सुजतात, छातीत जळजळतं, सगळं बोलणं व्हायचं. नावाचं मात्र अक्षर नाही. आणि रायली तरी कसं विचारणार? स्वतःचं नाव स्वतःच मागून घ्यायचं? त्यापेक्षा तिने जीभ चावली असती. एकदा धीर करून एवढंच म्हणाली, की हल्ली लोक जुनी नावं ठेवतात म्हणे. हेन्ना म्हणाली, हो ना, आणि पुन्हा पायांच्या सुजेवर आली.

घरात बोलायला कुणी नाही, म्हणून रायली रेडिओशी वाद घालायची, म्हणायची: मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने नाक मुरडलं होतं, की रायली हे काय नटव्या फॅशनचं नाव, जिकडेतिकडे रायली झाल्यात. तेच नाव आता जुनाट! माझ्या हयातीत ते कधी बरोबर होतं ते तरी सांगा. शंभर वर्षांचं झालं की नाव गोड होतं, सत्तर-ऐंशी वर्षांचं असलं की नुसतंच म्हातारं. तेव्हा त्याला अजून वीस-पंचवीस वर्षं थांबायला हवं. पण थांबणार कोण, मी?

मुलगी झाली, आणि बाप्तिस्मा आजीच्याच गावात करायचा असं हेन्नाने ठरवलं. रायलीची आशा पुन्हा टुणकन उठून बसली. उगीच का कुणी तान्ह्या बाळाला एवढ्या लांब आणतं? आजीचं मन आजीच्या नातीला कळणार नाही तर कुणाला? तिने राखाडी सूट बाहेर काढला, ताइस्तोने दिलेली पिन लावली, आणि चर्चमागच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसली. पर्स मांडीवर घट्ट धरली.

पाद्रीबाईंनी विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं?

"हेल्मी," हेन्नाचा नवरा योनास म्हणाला. "हेल्मी ओलिविया."

सगळीकडे 'आहा, किती गोड' सुरू झालं. मागून कुणीतरी म्हणालं, की आमच्या शेजारीही एक हेल्मी आहे आणि पाळणाघरात आणखी दोन. हेल्मी म्हणजे रायलीच्या सासूचं नाव, त्या नाक मुरडणाऱ्या सासूचंच. पोरांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. म्हातारी जिंकली की अखेर, असं तिच्या मनात आलं, आणि हसू यायच्या ऐवजी डोळे भरले.

हेन्ना बाळाला घेऊन जवळ आली, खाली वाकली. "आजी, मला रायलीच ठेवायचं होतं गं. दोनदा विचारलं तुला. तू नकोच म्हणालीस. मग म्हटलं, तुझ्या मनाविरुद्ध कशाला?"

केवढा शहाणा विचार. शहरात वाढलेल्या पोरीला नको म्हणजे नको, इतकं साधं असतं. तिचं काय चुकलं? रायलीला तिच्यावर रागावतासुद्धा येईना.

"छान आहे नाव," ती म्हणाली. "शोभतं तिला."

तेवढ्यात योनासच्या आईने टाळी वाजवून सगळ्यांना कॉफीला बोलावलं. अर्थातच कुणी जागचं हललं नाही. माणसं भिंतीला लागून उभी राहिली, हवापाण्याचं बोलू लागली आणि चोरून रायलीकडे बघू लागली. सगळ्यांत मोठी ती, तिचीच मनधरणी आधी व्हायची होती. योनासच्या आईने दुसऱ्या बोलावण्यासाठी तोंड उघडलंच होतं.

रायली उठली. सरळ चालत टेबलापाशी गेली, स्वतःच्या हाताने कप काठोकाठ भरला, न कापलेल्या केकवर सुरी चालवून मोठा तुकडा घेतला. या बाईला झालं तरी काय, असं एकूणएक चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. हेन्ना तेवढी हसली, आजीला भूक लागली असेल म्हणून.

रायलीने कुणाकडे बघितलं नाही. त्या लांबलचक टेबलाशी एकटीच बसून ती केक खात राहिली, आणि बाकीची मंडळी भिंतीशी उभी राहून दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत राहिली.