वजन आल्यावर कसायचे बोल्ट

आमच्या ह्यांची जीप मी भंगारात दिली नाही, म्हणून पुण्याचा मुलगा अजून फोनवर फुरंगटून बोलतो. हे गेले तेव्हा ती अंगणात सुटी पडली होती. बॉडी एकीकडे, इंजिन एकीकडे आणि मधे चासीचा गंजलेला सांगाडा. स्वतः दुरुस्त करीन म्हणत ह्यांनीच सगळं सोडवून ठेवलं होतं.

शेवटी सात रस्त्याजवळच्या मिस्त्रींना बोलावलं. ते ह्यांचे जुने दोस्त. त्यांनी चासी पावडर कोटिंगला नेली आणि काळी कुळकुळीत करून आणली. पुढचं काम मी करणार, असं मी जाहीर केलं. जीप सुरू झाली की चालवणारही मीच, त्यासाठी लायसन्स काढून बसले होते. मिस्त्री हसले, पण नट कसायचे पाने ठेवून गेले.

कोटिंगचा थर भोकांत जमला होता, बोल्ट आत जाईनात. गोल कानशीनं एकेक भोक साफ केलं. नव्या रंगावर ओरखडा उठला की माझाच जीव कळवळायचा. मग गाडीचं वजन पेलणारे स्प्रिंगचे पाटे चासीला अडकवले, त्यांच्या टोकांच्या रबरी बुशांतून बोल्ट घातले आणि अंगातला सगळा राग काढत नट आवळले. मुलाचा राग, ह्यांचाही. जायचंच होतं, तर एवढं उघडून कशाला ठेवलंत?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नटाला पाना लावला आणि कपाळावर हात मारला.

"भाभी, हे काय केलं? पाटे अजून लटकायलेत की. असं आधीच कसलं तर रबर पिळून बसतंय, गाडी चाकावर आली की फाटतंय. आता ढिलं सोडा. वजन आल्यावर कसू."

"किती वजन?"

"रोज जेवढी मानसं बसनार, तेवढं."

मी सगळे नट पुन्हा ढिले केले. हाताला फोड आले, तरी हे काम संपू नये असंच वाटत होतं. ते चालू होतं तोवर कुणीतरी 'भाभी' म्हणून हाक मारत होतं. एरवी या घरात मला हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

बॉडी चढली, सीटा बसल्या, जीप आपल्या चाकांवर उभी राहिली. मी मनाशी ठरवलं होतं, दोन माणसांच्या वजनावरच कसायला सांगायचं. शेजारच्या सीटसाठी ज्वारीचं पोतं दाराशी आणून ठेवलं होतं.

"बसा भाभी, कसतो," म्हणत मिस्त्री गाडीखाली सरकले. मी साडी सावरत चढून बसले. खालून पान्याचा आवाज काही येईना. त्यांना भलत्याच बाजूचा पाटा दबलेला दिसला असणार. ते बाहेर आले, फडक्याला हात पुसत राहिले.

"भाभी, हितं न्हाई," ते हळूच म्हणाले. "तिकडं बसा आता. स्टेअरिंग तिकडं हाय."

मी डाव्या सीटवर बसले होते. इतकी वर्षं बसत आले तशीच.

उतरले, वळसा घालून उजवीकडे गेले आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मिस्त्रींनी दाराशी ठेवलेल्या पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू द्या ते," मी म्हणाले. "एवढ्याच वजनावर कसा."