चिनी गोळ्यासाठी पुन्हा येणारे पाहुणे

सगळ्यात आधी टपकली शेजारची सुमन, बरोबर चहाच्या वेळेवर. तिच्या मागं तिच्या जावयाचे दोन दोस्त. जुन्या वस्तू पाहत फिरतात म्हणे.

मी वाती वळत बसली होती. पंख्यानं कापूस उडू नये म्हणून त्यावर मी काचेचा गोळा ठेवते, पोटात निळी फुलं असलेला. कापसाची जिनिंग बंद पडली तवा शेठजीनं टेबलावरचा उचलून तिथं कामाले असलेल्या आमच्या घरधन्याले देल्ला. आता त्यायची तेवढीच खूण राह्यली.

"आजी, हा कुठचा?"

"जिनिंगचा."

ते हसले. मंग गोळा उलटा करून भिंगातून पाह्यला. एक हळूच म्हणे, "बूड हातानं घासलंय. विलायती आहे."

दुसऱ्यानं त्याले कोपर मारलं अन् मले म्हणे, "चिनी आहे आजी. बाजारात ढीगभर मिळतात. द्या, तपासून आणतो."

मोतीबिंदू माह्या डोळ्यात आहे, कानात नाही. म्हटलं, "ढिगातला घ्या नं बाप्पा, माहा कायले नेता?" सुमनले चहाचा ठसकाच लागला.

मले तं लय मजा आली. जाता जाता दोघं म्हणे, रविवारी परत येतो. गोळा मात्र आता उशीच्या खोळीत आहे.

बायांनो, तुम्हीच सांगा, ढीगभर मिळते तं हे दोघं रविवारी परत काहून येऊन राह्यले?