दादाचं नऊ घरांचं जंतर

हसायचं तर खुशाल हसा, फजिती माझीच आहे. फक्त दादाचं नाव आलं की मला जरा थांबावं लागतं, तेवढं सांभाळून घ्या.

दादा औरंगाबादेत गणित शिकलेला. मी चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला! बदनापूरच्या शाळेसाठी तो सावलीचं घड्याळ करत होता. तासांच्या खुणांची फळी तयार झाली, बसवायची राहिली आणि दादा तापानं गेला. मायनं जेवणच सोडलं.

त्याच्या वहीत दोन कागद सापडले. एकावर तीन कोन: फळी किती फिरवायची, मागं किती कलवायची, बाजूला किती झुकवायची. दुसऱ्यावर नऊ घरं, प्रत्येकात आकडा. नऊ घरं! मला काय वाटणार? जंतरच की! मायसाठीच करून ठेवलेलं! जल्दी तावीज आणला, कागद आत कोंबला, मायच्या दंडाला बांधला. आणि माय त्याच दिवशी भाकरी जेवली!

मग दादाचं राहिलेलं काम मीच हाती घेतलं. शाळेचे मास्तर म्हणाले, "मी येतो, थांब." थांबतोय कोण! तिन्ही कोन बिलकुल बराबर लावले. ऊन ऐन डोक्यावर, सावली मात्र चारवर. चपराशानं सावली बघून घंटा ठोकली. पोरं पसार!

मास्तर धावत आले. "आरं, आधी काय केलंस?"

"आधी झुकवली, मंग कलवली, मंग फिरवली."

त्यांनी एक पुस्तक घेतलं. आधी फिरवून मग कलवलं, नंतर आधी कलवून मग फिरवलं. पुस्तक दोनदा दोन तऱ्हेनं उभं!

"कोन तेच, पण क्रम बदलला की फळी भलतीकडं बघती. म्हणून तुझ्या दादानं त्या कोनांचे नऊ आकडे काढले. फळीची लांब कड, आडवी कड आन् पाठ, प्रत्येक पूर्वेला किती, उत्तरेला किती, वर किती. मंग क्रमाची भानगडच न्हाई. कुठं हाय तो कागद?"

"मायच्या दंडाला."

तावीज सोडला आणि माय पुन्हा जेवायची थांबली तर?

मास्तरांनी निरोप धाडला, तशी दुसऱ्या दिवशी मायच शाळेत आली. तावीज स्वतःच्या हातानं सोडला. मास्तर आकडे वाचत गेले, मी फळी सरकवत गेलो. दुपारी सावली बराबर बारावर! मायनं पदरानं डोळे पुसले.

"माय, चुकलो. जंतर न्हाई ते, गणित हाय."

माय कागदाची घडी घालत म्हणाली, "बांधलंस त्याच दिवशी उघडून बघितलं म्या. वाचता येत न्हाई, पण लेकराचं अक्षर कळत न्हाई व्हय?"

"मंग जेवत का होतीस?"

"तू ताटापाशी बसून माझ्या तोंडाकडं बघून राह्यलास की रं! घास न्हाई घेतला तर तू रडायचास."

म्हणजे अख्ख्या घरात त्या जंतरावर भरवसा ठेवणारा येडा एकच. तुमच्यासमोर बसलाय!