पैसे देताना काय दिसतं

आई चकल्या आणि भाजणी विकायला लागली तेव्हा सगळं रोखीनं चालायचं. आम्ही नवघरला राहतो. मी घरी ट्यूशन घेते आणि आईची गिऱ्हाइकं सांभाळते. भाजायचं, दळून आणायचं, तळायचं सगळं आईचं. गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत. आडनाव कुणी विचारलं नव्हतं आणि आम्हालाही सांगायची वेळ आली नव्हती.

मग लोकांच्या पाकिटात नोटा दिसेनाशा झाल्या. दारात उभं राहून माणसं विचारायची, स्कॅनर नाही का? म्हणून मी आईच्या बचत खात्याला जोडलेला कोड काढून दाराशेजारी चिकटवला. पैसे भरताना समोरच्याच्या फोनवर आईचं नाव यायचं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. आईला त्याचं केवढं कौतुक. म्हणाली, रेशनकार्ड सोडलं तर माझं अख्खं नाव कुणी वाचलंय कधी?

आम्ही रत्नागिरीकडचे बौद्ध. आमच्याकडे आडनाव वाचलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

समोरच्या टॉवरमधल्या काकू आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्याच ओळखीनं त्यांच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांत आमची भाजणी जायची. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच कोड स्कॅन केला आणि फोनकडे बघत राहिल्या. मला वाटलं, नेट गेलं असेल.

"तुम्ही रत्नागिरीच्या म्हणाला होतात ना?" त्यांनी आईला विचारलं.

"हो, रत्नागिरीच्याच."

"नाही, मला वाटलं..." एवढं म्हणून त्या थांबल्या. पैसे भरले, पिशवी घेतली, नेहमीसारखं हसल्यासुद्धा. फक्त आल्या आल्या दिवाळीच्या फराळाचं बोलायचंय म्हणाल्या होत्या, ते बोलल्याच नाहीत.

दोन-चार दिवसांनी त्यांचा मेसेज आला, यंदा फराळ घरीच करायचं ठरलंय. मग त्यांच्या सोसायटीतल्या बाकीच्या घरांनीही यंदा फराळ घरीच करायचं ठरवलं. कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर आपणही चार शब्द सुनावले असते. इथे सगळे गोड बोलत होते. रस्त्यात भेटलं की आईच्या तब्येतीची चौकशी करत होते.

मी पैसे घ्यायची दुसरी सेवा शोधायला लागले. आईला सांगितलं की या कोडवर पैसे अडकतात. एका कंपनीचा माणूस घरी येऊन बसला. त्यानं पैसे आल्याचं मोठ्यानं बोलणारा डबा टेबलावर ठेवला, भाडं किती, पैसे खात्यात कधी पडणार, पुढेमागे कर्ज कसं मिळेल ते सगळं हिंदी-मराठीत समजावलं. मी विचारलं, पैसे देताना गिऱ्हाइकाला काय दिसतं?

त्याला प्रश्न कळला नाही. मी परत विचारला. तेव्हा त्यानं स्वतःच्या फोनवर दाखवलं, वर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात खातेदाराचं.

"ते खालचं काढता येतं का?"

"मॅडम, त्यानं काय फरक पडतोय? कोण वाचतंय?"

वाचतात, असं त्याला सांगावंसं वाटलं. चहा देऊन त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या कंपनीचं कमिशन कमी होतं, पण तिथेही तेच. शेवटी कळलं की खातंच दुकानाच्या नावानं असेल तर फक्त दुकानाचं नाव येतं. म्हणजे आधी उद्योगाची नोंदणी, मग चालू खातं, त्यात कायम ठेवायची शिल्लक आणि त्यानंतर सेवा. बँकेतल्या बाईंनी चांगल्या मनानं सांगितलं की एवढ्याशा धंद्याला बचत खातं पुरतं, उगाच खर्च कशाला. मी मान हलवली आणि फॉर्म मागितला.

सही आईचीच लागणार होती, तेव्हा तिला खरं सांगावं लागलं. मला वाटलं होतं ती भांडेल, नाव लपवून धंदा करायचा नाही म्हणेल. मला ते हवंही होतं बहुतेक. ती परातीत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काकू स्कॅन करून गेल्या तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "दुकानाला नाव कुठलं देतेस?"

मी एका फुलाचं नाव सांगितलं. चांगलंय म्हणाली आणि सही केली. तिच्यावर मला जेवढा राग आला, तेवढा काकूंवरही आला नव्हता.

धंदा सावरला. काकूंच्या सोसायटीतून परत कुणी आलं नाही, पण मीरा रोडहून, काशीमीऱ्याकडच्या नव्या कॉम्प्लेक्समधून ऑर्डरी यायला लागल्या. आम्ही फोनवर बोलायचो, माल रिक्षानं जायचा, पैसे फुलाच्या नावावर यायचे. चकल्या अगदी घरच्यासारख्या, असं कौतुकही यायचं.

मग तिथल्याच एका बाईंचा फोन आला. त्यांच्या महिला मंडळात मावशींनी येऊन भाजणी शिकवावी, अशी सगळ्यांची इच्छा होती. शाल-नारळ देणार होत्या. फलक छापायचाय, मावशींचं पूर्ण नाव सांगा, म्हणाल्या. मी फोनवर हात धरून आईला विचारलं.

आई तळणीपुढे होती. "त्यांना म्हणावं, गुडघे दुखतात," ती म्हणाली.

तिचे गुडघे ठणठणीत आहेत. चौथा मजला ती रोज पिठाची पिशवी घेऊन चढते. मी बाईंना गुडघ्यांचं सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांनी आठवणीनं एका तेलाचं नाव पाठवलं, कोमट करून लावायला सांगा म्हणून, आणि त्याखालीच चकल्यांची ऑर्डर.

मी आईला दोन्ही वाचून दाखवलं. "किती किलो म्हणाल्या?" तिनं विचारलं.